ग्रहांचे प्रयोजन (कोकण)

आकाशातले इतर ग्रह कशासाठी आहेत, या प्रश्नाला कोकण किनाऱ्यावरच्या धर्माचारात ठरलेले उत्तर आहे. तिथे ग्रह ही वस्तीची जागा नसून कामगिरीवर नेमलेली देवता मानली जाते. संस्कृत ‘ग्रह्’ धातूचा अर्थ धरणे, पकडणे. ‘त्याला शनीने धरलंय’ हे रोजचे बोलणे व्युत्पत्तीला धरूनच आहे. म्हणून नवग्रहांत रवी आणि चंद्र येतात, पायाखालची पृथ्वी येत नाही. राहू-केतू तर वस्तूच नव्हेत. चंद्राची कक्षा सूर्यमार्गाला छेदते ते हे दोन बिंदू, सुमारे १८.६ वर्षांत उलट्या दिशेने राशिचक्र फिरून येणारे. ग्रहणे त्यांच्या आसपासच होतात, एवढ्यावर त्यांना पूजेच्या पाटावर जागा मिळाली.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या ग्रहशांती प्रकरणात राजांचा उत्कर्ष आणि पतन ग्रहांच्या अधीन म्हटले आहे. मात्र ग्रह कर्माचे फळ पोहोचवतो, ते निर्माण करत नाही, असे परंपरेतले बहुतेक शास्त्री सांगतात. अधिदेवतांची, म्हणजे प्रत्येक ग्रहावर नेमलेल्या देवतांची, यादी हेच दाखवते: शनीची अधिदेवता यम, केतूची चित्रगुप्त. म्हणजे वसुली आणि हिशेब. पृथ्वीलाही या मांडणीत एक कोपरा आहे, पण मंगळाची प्रत्यधिदेवता, म्हणजे अधिदेवतेच्या जोडीची देवता, म्हणून. मंगळाचे ‘भौम’ हे नाव तिच्यावरूनच आले.

ग्रहांच्या क्रमाविषयी पुराणे आणि गणित यांचे जुळत नाही. विष्णुपुराणात सूर्य पृथ्वीपासून एक लाख योजनांवर आणि चंद्र त्याच्याही वर एक लाख योजनांवर आहे. सिद्धांतग्रंथांत, म्हणजे ज्योतिषगणिताच्या ग्रंथांत, चंद्र सर्वांत जवळ, मग बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. वारांचा क्रम या दुसऱ्या मांडणीतूनच निघतो. गावचे भटजी पुराण सांगताना पहिला क्रम धरतात आणि मुहूर्त काढताना दुसरा. त्यात कुणाला अडचण वाटत नाही.

ग्रहमख

मुंज, लग्न, वास्तुशांत, साठीशांत यांच्या आधी किंवा त्यांच्या बरोबर ग्रहमख, म्हणजे नवग्रहांची पूजा आणि होम, होतो. पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध हे आरंभीचे विधी झाल्यावर अग्नीच्या ईशान्येला पाटावर वस्त्र अंथरून धान्याच्या नऊ राशी घालतात आणि प्रत्येकीवर सुपारी ठेवतात. मध्ये रवी, आग्नेयेला चंद्र, दक्षिणेला मंगळ, ईशान्येला बुध, उत्तरेला गुरू, पूर्वेला शुक्र, पश्चिमेला शनी, नैर्ऋत्येला राहू, वायव्येला केतू. प्रत्येक ग्रहाच्या उजवीकडे अधिदेवता, डावीकडे प्रत्यधिदेवता, म्हणजे एवढ्यातच २७ सुपाऱ्या होतात. नेहमीची चूक दिशेची. पाट घरात तयार करून मांडवात आणताना फिरतो आणि शुक्राच्या जागी गुरू बसतो. त्यामुळे जाणते लोक पाट जागेवर ठेवून, पूर्व पक्की करून मगच राशी घालतात.

धान्ये याच क्रमाने गहू, तांदूळ, तूर (काही घरी मसूर), मूग, हरभरे, पांढरे पावटे किंवा वाल, काळे तीळ, उडीद आणि कुळीथ. गहू आणि हरभरे सोडले तर यातले बरेचसे कोकणातल्या शेतात आणि परसात सापडते. केतूचे कुळीथ तर पिठीच्या रूपाने रोजच्या ताटात असतात.

समिधांची गोष्ट वेगळी. रवीला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. लांबी प्रादेशमात्र, म्हणजे ताणलेल्या अंगठ्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंत. साल शाबूत हवी. प्रत्येकी १०८ किंवा २८ आहुत्या स्मृतीत सांगितल्या आहेत. वेळ थोडा असेल तर व्यवहारात आठांवर भागवतात. २८ धरल्या तरी नऊ ग्रहांच्या २५२ होतात, आणि मोडक्या निघतात म्हणून थोड्या जास्त आणाव्या लागतात. शमी कोरड्या मुलखातले झाड, किनाऱ्याच्या पावसात सहसा आढळत नाही. ती दुकानातल्या बांधलेल्या जुड्यांतून येते. वाळल्यावर सगळ्या काड्या सारख्याच दिसतात, म्हणून खैर काट्यांवरून आणि रुई तिच्या हलकेपणावरून ओळखून घ्यावी. ओली रुई तोडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, तो डोळ्यांना इजा करतो. श्रावणात दमट हवेने समिधा पेटत नाहीत, नुसता धूर होतो आणि मंत्र म्हणणारे खोकत बसतात. त्या आठवडाभर आधीच चुलीवरच्या उतवात (वाळवण्याच्या मांडणीत) ठेवतात. आयत्या वेळी तूप वाढवून फारसे साधत नाही.

चंद्राचे काम

किनाऱ्यावर ज्याचे काम डोळ्यांनी दिसते असा ग्रह चंद्र. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी. भरतीचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. मुंबईच्या बाजूला हे बरेच जुळते. दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते, त्यामुळे मालवणात याच आकड्यावर होडी लोटली तर पाणी उतरू लागलेले असते.

सूर्याची स्वतंत्र देवळेही या पट्टीत आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याचा उत्सव रथसप्तमीला भरतो.

इतर धर्म

वसईच्या ख्रिस्ती घरांत आणि कोकणी मुसलमानांत ग्रहशांती धर्मात बसत नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात आकाशातल्या ज्योती दिवस, ऋतू आणि वर्षे ओळखण्यासाठी आहेत. कुराणातही चंद्राच्या मंझिली (मुक्काम) वर्षांची गणती कळावी म्हणून ठरवल्या आहेत. अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्राएल (ज्यू) लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजारी शनीला तेल वाहत असत तोही शनिवारच.

गणित आणि नवे ग्रह

पूजेसाठी ग्रहाची राशी कळावी लागते, आणि त्या गणिताचा मोठा ग्रंथ कोकणातच झाला. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये (इ.स. १५२०) ‘ग्रहलाघव’ रचले. ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र घेऊन त्यांनी मोठे आकडे टाळले, ज्या-चाप (वर्तुळाच्या जीवा-कंसांचे गणित) वगळले, आणि ज्या ग्रहाचे ज्या पक्षाचे (गणितपरंपरेचे) गणित आकाशाशी जुळले ते उचलले. पुढे टिळक पंचांग निघाले. त्याचा राशिचक्राचा आरंभबिंदू प्रचलित पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा, म्हणून कधीकधी अधिक महिनाच वेगळा पडतो. अशा वर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ते पाळणाऱ्या घरी गणपती शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी येतो.

१७८१ मध्ये सापडलेला युरेनस मराठी पंचांगात ‘हर्षल’ नावाने आला, १८४६ चा नेपच्यूनही आला. पत्रिकेत त्यांना घर मिळाले, पाटावर राशी नाही. त्यांचे ना धान्य ठरले, ना समिधा. पूजेच्या आरंभी म्हणायच्या संकल्पात मात्र त्यांचा अडसर होत नाही. ‘परशुरामक्षेत्रे’ म्हणून झाल्यावर चंद्र, सूर्य आणि देवगुरू एवढ्यांचीच राशी नाव घेऊन सांगतात. उरलेल्यांसाठी एकच ओळ पुरते: ‘शेषेषु ग्रहेषु यथायथं राशिस्थानस्थितेषु’, म्हणजे उरलेले ग्रह आपापल्या राशीत असताना.