३.२ व्होल्टच्या मोटरला ३६ व्होल्ट कशासाठी?

घरच्या घरी सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कोरणारे यंत्र, बांधताना सांगाडा उभा राहिला, बॉलस्क्रू (मोटरच्या फिरण्याचे सरळ सरकण्यात रूपांतर करणारे मळसूत्र) बसले आणि गॅन्ट्री (कापणारे हत्यार वाहून नेणारी कमान) हाताने सुळसुळीत सरकू लागली, की नियंत्रणाच्या पेटीची पाळी येते आणि या पेटीपाशी बहुतेक जण एकाच शंकेने अडखळतात. गॅन्ट्री सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या माहितीपत्रकात ३.२ व्होल्ट आणि २.८ अँपिअर असे आकडे छापलेले असतात. जोडणीच्या आकृतीत मात्र त्याच मोटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तिच्या वेटोळ्यांत प्रवाह सोडणाऱ्या मंडलाला, ३६ व्होल्टचा पुरवठा दाखवलेला असतो. दहापटीहून अधिक दाब दिल्यावर मोटर जळणार कशी नाही, असे शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या कोणालाही वाटावे, यात नवल नाही. मी स्वतः पहिल्या यंत्राच्या वेळी याच भीतीने १२ व्होल्टचा पुरवठा लावला होता. संथ गतीत मोटर उत्तम फिरली. वेग वाढवताच ती जागच्या जागी थरथरत किंचाळू लागली आणि गॅन्ट्री तसूभरही पुढे सरकेना. त्या किंचाळण्याचे कारण उमगले, की पेटीत काय कशासाठी बसवायचे याचा बराचसा उलगडा होतो, कारण तिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू वेळ गाठण्यासाठी असते.

प्रथम मोटरची रचना पाहू. घरगुती राउटरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्टेपर मोटरच्या फिरत्या भागावर ५० दाते असतात आणि भोवतीच्या स्थिर भागावर वेटोळ्यांचे दोन स्वतंत्र संच असतात. या दोन संचांतील प्रवाहांच्या दिशा ठरावीक क्रमाने उलटवत गेले, की चुंबकीय क्षेत्र चार पायऱ्यांत एक आवर्तन पूर्ण करते आणि मोटर एका दात्याइतकी, म्हणजे ७.२ अंशांनी पुढे सरकते. त्यामुळे एक पायरी १.८ अंशांची होते आणि एका फेऱ्यात २०० पायऱ्या येतात. बॉलस्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा असेल, तर एका पायरीला ०.०२५ मिलिमीटर आणि चार पायऱ्यांच्या आवर्तनाला ०.१ मिलिमीटर सरक मिळते. हा ०.१ चा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, पुढे तो आपल्याला चोर पकडायला उपयोगी पडणार आहे.

आता वेटोळ्याकडे वळू. आपण घेतलेल्या मोटरच्या एका संचाचा रोध १.१३ ओहम आणि इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, ३.६ मिलिहेन्री आहे, असे धरू. या आकाराच्या मोटरमध्ये असे आकडे नेहमी आढळतात. ३.२ व्होल्टला १.१३ ने भागले, की २.८ अँपिअर येतात, म्हणजे छापलेले आकडे ओहमच्या नियमाला धरूनच आहेत. परंतु तो नियम प्रवाह स्थिरावल्यानंतर काय होईल एवढेच सांगतो, स्थिरावायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. वेटोळ्यातील प्रवाह बदलू लागला, की त्याच वेटोळ्यात त्या बदलाला विरोध करणारा दाब निर्माण होतो, त्यामुळे प्रवाह जड लोखंडी फाटकासारखा हळूहळूच हलतो. इंडक्टन्सला रोधाने भागले असता जो काळ मिळतो, तो येथे सुमारे ३.२ मिलिसेकंद आहे, आणि एवढ्या काळात प्रवाह आपल्या अंतिम मूल्याच्या फक्त ६३ टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

३.२ मिलिसेकंद ही उगाच चिंता करण्याइतकी मोठी मुदत वाटत नाही. गॅन्ट्री सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने न्यायची म्हटले, तर मोटरला सेकंदात ५ फेरे, म्हणजेच १,००० पायऱ्या टाकाव्या लागतात. दोन संच आळीपाळीने उलटत असल्यामुळे प्रत्येक संचातील प्रवाहाची दिशा दर दुसऱ्या पायरीला, म्हणजे दर २ मिलिसेकंदांनी उलटली पाहिजे. ३.२ व्होल्ट दाबाखाली प्रवाह शून्यापासून निघाला, तरी २ मिलिसेकंदांत तो निम्म्यापर्यंतही जात नाही. इथे तर त्याने आधी उलट दिशेचे २.८ अँपिअर संपवून मग सुलट दिशेने चढायचे असते. परिणामी तो धड चढत नाही आणि धड उतरत नाही, तेवढ्यात पुढची आज्ञा येऊन ठेपते. प्रवाह नाही म्हणजे चुंबकत्व नाही, आणि चुंबकत्व नाही म्हणजे जोर नाही.

यावर उपाय म्हणून दाब वाढवायचा. रोधाचा आणि फिरणाऱ्या चुंबकामुळे उलट निर्माण होणाऱ्या दाबाचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवला, तर प्रवाहाला उणे २.८ पासून अधिक २.८ पर्यंत, म्हणजे ५.६ अँपिअरचा पल्ला गाठायला लागणारा वेळ इंडक्टन्स गुणिले ५.६ भागिले दाब इतका असतो. ३६ व्होल्टला हा वेळ सुमारे ०.५६ मिलिसेकंद येतो, तर १२ व्होल्टला जवळजवळ १.७ मिलिसेकंद. उपलब्ध वेळ २ मिलिसेकंदांचा आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे माझी पहिली मोटर का किंचाळत होती ते वेगळे सांगायला नको. तिच्या वाट्याला पूर्ण प्रवाहाचा काळ जेमतेम ०.३ मिलिसेकंद येत होता, आणि फिरणाऱ्या चुंबकाचा उलट दाब धरला, तर तोही येत नव्हता.

मग ती जळत का नाही, हा प्रश्न उरतोच. याचे उत्तर ड्रायव्हरच्या आतल्या एका साध्या पण विलक्षण देखण्या युक्तीत आहे. वेटोळ्याच्या मार्गात एक अत्यल्प रोध बसवलेला असतो आणि त्यावर पडणाऱ्या दाबावरून ड्रायव्हर प्रवाह सतत मोजत असतो. ३६ व्होल्टच्या रेट्याने प्रवाह २.८ अँपिअरला टेकला, की ड्रायव्हर पुरवठा तोडतो. परंतु ज्या जडपणामुळे प्रवाह चढायला वेळ घेत होता, त्याच जडपणामुळे तो एकदम पडतही नाही आणि ड्रायव्हरमधील बंद वाटेने फिरत राहतो. किंचित घसरला, की पुरवठा पुन्हा जोडला जातो. हे तोडणे-जोडणे सेकंदाला साधारण २० हजार वेळा किंवा त्याहून अधिक चालते, कारण वारंवारता त्याच्या खाली आली, तर ती शिट्टीसारखी ऐकू येते. आपण ज्या इंडक्टन्सला शत्रू समजत होतो, तोच इथे साठवणीच्या टाकीचे काम करतो.

या युक्तीचा एक परिणाम मोजून पाहण्यासारखा आहे. मोटर स्थिर उभी असताना एका संचात २.८ अँपिअर वाहत असले, तर तिथे उष्णतेच्या रूपाने सुमारे ८.९ वॅट खर्च होतात. पण ३६ व्होल्टच्या पुरवठ्याला तेवढ्यासाठी फक्त पाव अँपिअर द्यावा लागतो. ड्रायव्हरच्या पुरवठ्याच्या तारेत अँपमापी लावून हा पाव अँपिअर पाहिलेला माणूस मोटर नादुरुस्त आहे असे समजून ती परत करायला निघतो, असे मी पाहिले आहे. व्होल्टचा आकडा जुळवत बसू नये. ड्रायव्हरवरील छोट्या खटक्यांनी प्रवाहाची मर्यादा मात्र मोटरच्या आकड्याशी जुळवावी. आणि विद्युतपुरवठा चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नये, कारण वाहता प्रवाह अचानक तुटला, की तोच जडपणा उच्च दाबाचा फटका होऊन ड्रायव्हरच्या ट्रान्झिस्टरांवर आदळतो. पेटी बंद असतानाही गॅन्ट्री हाताने जोरात ढकलली, तर ड्रायव्हरवरचे दिवे क्षणभर लुकलुकतात. मोटर जनित्र झाल्याची ही खूण असून, त्यात भुताटकी काही नाही.

ड्रायव्हर मायक्रोस्टेपिंगही करतो, म्हणजे दोन्ही संचांतील प्रवाह साइन आणि कोसाइनच्या प्रमाणात बदलून एका पायरीचे तुकडे पाडतो. जाहिरातींत एका फेऱ्याला २५,६०० पायऱ्या म्हणून जी अचूकता मिरवली जाते, ती निव्वळ कागदावरची असते. एका पायरीचे १२८ तुकडे केले, तर एका तुकड्याने मिळणारा जोर ९० अंशांच्या १२८ व्या भागाच्या साइनइतका, म्हणजे मोटरच्या धारण-जोराच्या (स्थिर उभी असताना ती जास्तीत जास्त जेवढा जोर धरून ठेवते त्याच्या) सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. नटाचे आणि गाइडचे घर्षण याहून अधिक असल्याने पहिले कित्येक तुकडे काहीही न हलवता जिरून जातात. मायक्रोस्टेपिंगचा खरा लाभ थरथर कमी होण्यात आहे, आणि त्यासाठी ८ किंवा १६ तुकडे पुरेसे असतात.

ड्रायव्हरला कोणती आज्ञा मिळते, ते आता पाहू. त्याच्याकडे दोन तारा येतात. एकीवरील प्रत्येक पल्स (विजेचा छोटा ठोका) म्हणजे एक तुकडा पुढे, आणि दुसरीवरील पातळी म्हणजे दिशा. ८ तुकड्यांच्या हिशेबाने मिलिमीटरला ३२० पल्स लागतात, म्हणून सेकंदाला २५ मिलिमीटरसाठी ८,००० पल्स, म्हणजे दर १२५ मायक्रोसेकंदांना एक पल्स. आजच्या संगणकाला हे किरकोळ वाटेल. पण संगणकाचा वेग अफाट असला, तरी तो वक्तशीर नसतो. तो मध्येच पडदा रंगवायला किंवा डिस्क वाचायला वळला आणि २ मिलिसेकंद उशीर झाला, की १६ पल्स राहून जातात. तेवढ्यात जड गॅन्ट्री जडत्वाने तशीच पुढे गेली, तर ती ०.०५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन पायऱ्या पुढे पोहोचते. चार पायऱ्यांच्या आवर्तनात दोन पायऱ्यांचे अंतर म्हणजे नेमके असे ठिकाण, जिथे मागे ओढले जावे की पुढे हे दात्यांनाही ठरवता येत नाही.

म्हणूनच नियंत्रकाची निवड ही वक्तशीरपणाची निवड असते. जुन्या संगणकांच्या २५ पिनांच्या पॅरलल पोर्टमधून थेट पल्स काढायचे, तर लिनक्ससीएनसीसारखी वेळेची हमी देणारी व्यवस्था लागते. यूएसबीला लावायची प्रिंटरची पॅरलल तार इथे निरुपयोगी ठरते, कारण यूएसबी माहितीची पाकिटे ठरावीक खिडकीतून पाठवते आणि साध्या फुल-स्पीड प्रकारात ही खिडकी १ मिलिसेकंदाची असते. दुसरा मार्ग म्हणजे संगणकाने फक्त जी-कोडच्या, म्हणजे कोठे आणि किती वेगाने सरकायचे हे सांगणाऱ्या, ओळी पाठवायच्या आणि पल्स काढण्याचे काम, दुसरे काहीच न करणाऱ्या, छोट्या मायक्रोकंट्रोलरकडे सोपवायचे. ग्रबल ही प्रणाली १६ मेगाहर्ट्झच्या आणि अवघ्या २ किलोबाइट स्मृतीच्या चिपवर सेकंदाला ३० हजार पल्सपर्यंत मजल मारते. मात्र १२८ तुकड्यांचा हट्ट धरला, तर आपल्या साध्याशा वेगालाही १,२८,००० पल्स लागतील आणि ती हात टेकेल. तिरकी रेघ कापताना दोन अक्षांच्या पल्सची वाटणी करण्यासाठी ग्रबल जी रीत वापरते, ती जॅक ब्रेसेनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये कागदावर पेन चालवणाऱ्या प्लॉटरसाठी शोधली आणि १९६५ साली प्रसिद्ध केली. गुणाकार-भागाकार टाळून केवळ बेरीज-वजाबाकीवर ती चालते.

उरलेल्या जोडण्या थोडक्यात सांगता येतात. गॅन्ट्री मार्गाच्या टोकाला पोहोचल्याचे कळवणारा लिमिट स्विच एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा असा घ्यावा, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते. उलट प्रकारात तुटलेली तार आणि न दाबलेला स्विच नियंत्रकाला सारखेच दिसतात. आणीबाणीच्या बटनाने सॉफ्टवेअरला विनंती करू नये, ड्रायव्हर आणि स्पिंडल (कापणारे हत्यार फिरवणारी मोटर) यांचा पुरवठाच तोडावा. स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या इन्व्हर्टरची केबल जाळीच्या आवरणाची असावी, ते आवरण भूयोजित करावे आणि ती स्विचच्या तारांपासून दूर न्यावी. विद्युत गोंगाट अडवण्यासाठी प्रत्येक तारेला फेराइटचे कडे ताइतासारखे अडकवून ठेवण्याची पद्धत दिसते. कोणत्या वारंवारतेचा गोंगाट कोठून येतो हे न पाहता बांधलेल्या त्या कड्याचा गुण ताइताइतकाच.

सगळे जोडून झाले, की स्पिंडलजवळ ०.०१ मिलिमीटरपर्यंत सरक मोजणारा डायल गेज लावून गॅन्ट्री १०० मिलिमीटर पुढे-मागे पळवावी आणि ती शून्यावर परत येते का ते पाहावे. चूक ०.१ च्या पटीत आली, तर मोटर आवर्तनातून निसटली आहे, कारण सुटलेला दाता शेजारच्याच दात्याला धरतो. अशा वेळी प्रवेग कमी करावा किंवा दाब वाढवावा. माझ्या दुसऱ्या यंत्रात गॅन्ट्रीच्या अशा ८० ये-जा फेऱ्यांनंतर अर्धा मिलिमीटर फरक पडला, आणि मी तासभर मोटरलाच दोष देत बसलो. मग ४० फेऱ्या करून पाहिल्या, तेव्हा फरक ०.२५ आला, जो ०.१ च्या पटीत बसत नाही. फेरीला ०.००६२५ मिलिमीटर म्हणजे बरोबर दोन पल्स. दिशेची तार बदलते त्याच क्षणी पल्स पोहोचत होता. ड्रायव्हरच्या प्रवेशाशी असलेला ऑप्टोकपलर (प्रकाशाच्या मार्गे संकेत पुढे देणारा भाग) चालू आणि बंद व्हायला वेगवेगळा वेळ घेत असल्याने एकाच बाजूच्या वळणावर पहिला पल्स जुन्या दिशेने मोजला जात होता, म्हणजे एक पल्स बुडून वर एक उलटा पडत होता. नियंत्रकाच्या सेटिंगमध्ये दिशा आणि पल्स यांतील वेळेचे अंतर शून्य होते. ते १० मायक्रोसेकंद केल्यावर ८० फेऱ्यांनंतर गेजचा काटा शून्यावर येऊन थांबला.