परदेशातल्या बालगृहात स्वयंसेवा: अर्ज, कागदपत्रं आणि त्याआधीची चौकशी

पासपोर्टच्या मागे लागण्याआधी संस्था तपासा. पैसे भरल्यावर चौकशी सुरू केली तर माघार घेणं जड जातं.

पहिल्याच पत्रात संस्थेकडे तीन कागद मागा: त्या देशातल्या सरकारी नोंदणीची प्रत, मुलांच्या सुरक्षेचे लेखी नियम, आणि तुमचं रोजचं काम कोणतं व कोणाच्या देखरेखीखाली याचं पत्र. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. बाहेरही हाच निकष लावा. पोलिसांचा दाखला न मागता फक्त फी आणि तारखा कळवणारी संस्था तिथेच सोडून द्या. जी तुम्हाला असं आत घेते, ती कोणालाही घेते.

इतकं ताणून धरायचं कारण म्हणजे, 'अनाथालय' म्हणवणाऱ्या घरांतल्या पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे, शिक्षणाच्या आशेनं लेकरू पाठवलेलं असतं. बीडच्या ऊसतोड कामगारांची मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांना आपण अनाथ म्हणत नाही. नेपाळात अशी घरं काठमांडू, ललितपूर, पोखरा या पर्यटकांच्या भागातच दाटलेली आहेत. पाहुण्यांचा पैसा येत राहावा म्हणून मुलं गोळा केली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर 2019 च्या ठरावात याची दखल घेतली. शिवाय दोन आठवड्यांसाठी आलेल्या ताईदादाचा लळा लागतो आणि तुटतो, पुन्हा लागतो, पुन्हा तुटतो. म्हणून मुलांना सांभाळण्याचं काम मागू नका. शिक्षकांना अध्यापनाची मदत, हिशेब, फिजिओथेरपीचं प्रशिक्षण अशी कर्मचाऱ्यांच्या हाताला बळ देणारी कामं मागा. वय किमान 18 हवं. त्या कामाची पदवी किंवा अनुभवाचं पत्र जोडा.

आता कागद. पासपोर्टसाठी ऑनलाइन अर्ज करून संभाजीनगर, बीड, लातूर, नांदेड अशा ठिकाणच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या. 36 पानी पासपोर्टची साधी फी ₹1,500. अर्ज बहुतेक नावावर अडतो: टी.सी.वर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे आहे कुठे नाही. आधार आधी दुरुस्त करून घ्या.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, त्याच पोर्टलवरून मिळतं. फी ₹500. इथे हमखास घोटाळा होतो: लोक पोलीस अधीक्षक कार्यालयातून नोकरीसाठी मिळणारा चारित्र्य दाखला आणतात. तो वेगळा, परदेशी कामाला तो चालत नाही. पीसीसी ठरावीक देशासाठी असतं, त्यामुळे अर्जात देश नीट निवडा. पासपोर्टवर गावचा पत्ता आणि राहणं शहरातल्या खोलीवर असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा आधीच जमवा. पडताळणीला पोलीस आले आणि तुम्ही सापडला नाहीत, तर अहवाल उलटा जातो. पीसीसी फार आधीही काढू नका, जुनं असेल तर संस्था परत करतात.

केनियाला जायचं तर पर्यटक म्हणून मिळालेल्या ई-परवानगीवर स्वयंसेवा करता येत नाही, बिनपगारी असली तरी. थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास, जास्त दिवसांसाठी धर्मादाय कामाचं 'आय' वर्गाचं परमिट लागतं. तो अर्ज तिथल्या संस्थेनं तुमच्या वतीनं करायचा असतो. "टूरिस्ट म्हणून या, पुढचं आम्ही बघतो" असं कोणी म्हटलं तर जाऊ नका. पकडले गेलात तर कारवाई तुमच्यावर होते. पीतज्वराची (यलो फीव्हर) लस अधिकृत केंद्रातच घ्या, जवळच्या कुठल्याही दवाखान्यात नाही. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि जन्मभर चालतो. तो नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

नेपाळला भारतीयांना व्हिसा नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. 15 ते 65 वयाच्या माणसाला आधारवर प्रवेश मिळत नाही. व्हिसाची चाळणीच नसल्यामुळे संस्थेची चौकशी इथे जास्त कडक करा. राष्ट्रिय बाल अधिकार परिषदेकडे त्या घराची नोंद आहे का, हे लेखी विचारा.

निघण्याआधी सगळ्या कागदांची एकेक प्रत घरी ठेवा. आणि मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणार नाही, असं संस्थेला स्वतःहून लिहून द्या.