कक्षेवरून उल्कावर्षाव ओळखणं

दिसलेली उल्का कुठल्या वर्षावातली की नुसतीच भटकी, हे ती सूर्याभोवती कुठल्या कक्षेत फिरत होती त्यावरून ठरवायची ही पद्धत. नुसत्या डोळ्यांनी बघताना आपण तिची रेघ मागे वाढवतो, ती ययाती तारकासमूहात पोचली की पर्सीड वर्षावातली म्हणून मोकळे होतो. पण भटकी उल्कापण त्याच बाजूने येऊ शकते, म्हणून वेग हवाच. पर्सीड सेकंदाला साधारण ५९ किमीने येतात, तिथूनच ३०ने आलेली काही पर्सीड नाही.

निदान दोन ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी एकच उल्का पकडली की मार्ग आणि वेग मिळतो, त्यातून पृथ्वीची ओढ आणि पृथ्वीचीच गती वजा केली की कक्षेचे पाच आकडे हातात येतात: सूर्यापासूनचं किमान अंतर, उत्केंद्रता (कक्षा किती लांबट), कल (पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी कोन), पाताची जागा (पात म्हणजे कक्षा त्या पातळीला छेदते तो बिंदू) आणि पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपर्यंतचा, कोन. दोन कक्षा किती वेगळ्या हे एकाच आकड्यात सांगायचं सूत्र साउथवर्थ आणि हॉकिन्स यांनी १९६३ मध्ये दिलं, त्याला डी निकष म्हणतात. डी शून्य म्हणजे कक्षा तंतोतंत एक. मर्यादा बरेचदा ०.२ किंवा त्याहून कमी धरतात, आणि खरी गोची इथेच आहे, कारण मर्यादा सैल ठेवली तर भटक्या आत घुसतात, आवळली तर घरच्याच बाहेर. टॉरिडसारख्या कमी कलाच्या वर्षावात तर भटक्यांचीच एवढी गर्दी की सैल डीला काहीही जुळतं. त्यात वेग मोजण्यात थोडी चूक झाली की कक्षा भलतीच निघते, जलद उल्कांची तर पार सूर्यमालेबाहेरची.

काळ सांगायला तारीख कच्ची पडते, लीप वर्षामुळे ती पुढेमागे सरकते. म्हणून सूर्याचे भोगांश, म्हणजे त्याच्या वार्षिक वाटेवरची त्याची जागा अंशांत, वापरतात: पर्सीडचा जोर १४० अंशांच्या आसपास, जेमिनिड या दुसऱ्या वर्षावाचा २६२. उल्केचा कण पृथ्वीला पातापाशीच भेटतो, त्यामुळे पाताचे भोगांश आणि सूर्याचे भोगांश एकतर सारखे नाहीतर १८० अंशांनी वेगळे. अंशागणिक सदस्य मोजले की चढउतार दिसतो, पण दोन्ही टोकं भटक्यांत विरून जातात, त्यामुळे सुरुवात-शेवटाच्या तारखा याद्यायाद्यांत जुळत नाहीत.

जेमिनिडचा जनक, म्हणजे ज्याच्यापासून हे कण सुटले तो, असाच कक्षेवरून सापडला. १९८३ मध्ये फेथॉन दिसला तेव्हा त्याची कक्षा जेमिनिडशी जुळली, आणि तो निघाला लघुग्रह, सगळे धूमकेतू शोधत होते.