मासा मलूल दिसला की सगळं पाणी बदलायचं?

'मासा आजारी पडला की टाकी रिकामी करा, घासून धुवा, नवं पाणी भरा.' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पाणी घाण म्हणून मासा आजारी, हा तर्क पटण्यासारखाच आहे. निम्मा खराही आहे.

पण फिल्टरचा स्पंज हातात घेऊन बघा. त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजे निव्वळ घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्या थरातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात आणि काही दिवसांत अमोनिया पुन्हा चढतो. शिवाय पाण्याचं तापमान एकदम बदलल्याचा धक्का आजारी माशालाच बसतो.

खात्री करायची तर टेस्ट किट आणा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नसतील तर क्लोरीन काढलेलं, तितक्याच तापमानाचं पाणी वापरून पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. दोन्ही शून्य असूनही अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसत असतील, तर तो बहुधा परजीवी. तिथे वेगळे उपचार लागतात.