एमजी आणि एमएल: डोस कशात, माप कशात

तापाचं औषध किती दिलं, असं विचारलं की घरातली माणसं चटकन सांगतात, "पाच एमएल." वॉर्डमध्ये नवीन आलेली सिस्टरही पुढच्या शिफ्टला हँडओव्हर देताना कधीकधी एवढंच सांगते. पण या उत्तरावरून मुलाच्या पोटात औषध किती गेलं, ते कळत नाही. कुठल्या बाटलीतले पाच एमएल, हा प्रश्न उरतोच.

एमजी, म्हणजे मिलिग्राम, हे वजन आहे. द्रवात मिसळलेल्या प्रत्यक्ष औषधाचं वजन. एमएल, म्हणजे मिलिलिटर, हे त्या सगळ्या द्रवाचं माप. त्यात औषध असतं, पाणी असतं, गोडी, रंग आणि वासही असतो. डोस ठरतो एमजीत, कारण शरीरावर काम करतं ते औषध. आपल्या हातातली सिरिंज मात्र एमएलच मोजते. या दोघांची सांगड घालणारी एकच जागा आहे: बाटलीवरचं लेबल. '१२० एमजी प्रति ५ एमएल' असं त्यावर लिहिलेलं असतं, ती त्या औषधाची स्ट्रेंथ. लेबल न वाचता एमजीवरून एमएलवर जाताच येत नाही.

पॅरासिटामॉलचंच उदाहरण घ्या. मुलांमध्ये एका वेळचा डोस साधारणपणे किलोमागे १० ते १५ एमजी धरतात. मूल १२ किलोचं आहे आणि डॉक्टरांची ऑर्डर किलोमागे १५ एमजीची आहे, म्हणजे डोस १८० एमजी. हा आकडा कुठलीही बाटली घेतली तरी बदलत नाही. आता सूत्र: हवा असलेला डोस भागिले लेबलवरचे एमजी, गुणिले लेबलवरचे एमएल.

१२० एमजी प्रति ५ एमएलचं सिरप असेल तर १८० ÷ १२० × ५ = ७.५ एमएल. २५० एमजी प्रति ५ एमएलचं असेल तर ३.६ एमएल. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स, ज्यांत एका एमएलमध्येच १०० एमजी असतात, ते हाती आले तर फक्त १.८ एमएल.

औषध तेच, मूल तेच, डोस तोच. माप मात्र तीन वेगवेगळी. आता '७.५ एमएल' एवढंच लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सच्या बाटलीतून तेवढं भरलं, तर मुलाला १८० ऐवजी ७५० एमजी जातील. चौपटीहून जास्त, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते. उलट चूकही होते. ड्रॉप्सचे १.८ एमएल ध्यानात ठेवून १२० च्या सिरपमधून तेवढंच दिलं, तर जेमतेम ४३ एमजी जातात. ताप उतरत नाही, मग औषध लागू पडत नाही असं वाटून लवकर दुसरा डोस दिला जातो. बाळांचे ड्रॉप्स आणि मोठ्या मुलांचं सिरप यांची ही गल्लत इतकी धोक्याची ठरली, की अमेरिकेत २०११ मध्ये उत्पादकांनी तिथले जास्त तीव्रतेचे ड्रॉप्स मागे घेऊन दोन्हींसाठी १६० एमजी प्रति ५ एमएल ही एकच स्ट्रेंथ ठेवायला सुरुवात केली.

गणित करण्याआधी अंदाज बांधायची सवय मला फार मोलाची वाटते. १८० हे १२० पेक्षा जास्त, म्हणजे उत्तर ५ एमएलपेक्षा जास्तच यायला हवं. घाईत भागाकार उलटा झाला तर ३.३ येतं आणि तिथेच शंका येते. कॅल्क्युलेटर ही चूक दाखवत नाही.

मायक्रोग्राम आले की आणखी सावध. १ एमजी म्हणजे १००० मायक्रोग्राम. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं ओरल सोल्यूशन, म्हणजे तोंडाने द्यायचं द्रव औषध, ५० मायक्रोग्राम प्रति एमएल असतं. ऑर्डर ०.०६२५ एमजीची असेल तर ते ६२.५ मायक्रोग्राम, म्हणजे १.२५ एमएल. दशांशचिन्ह एक घर सरकलं की हेच १२.५ एमएल होतं. म्हणून .५ न लिहिता ०.५ लिहायचं आणि ५.० न लिहिता नुसतं ५. टिंब पुसट झालं की ५.० चे ५० वाचले जातात. डिगॉक्सिनच्या आधी पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजायचे. प्रौढ पेशंटमध्ये ते ६० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं.

गणित बरोबर येऊनही डोस चुकतो, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे न हलवलेली बाटली. सस्पेन्शनमध्ये औषध विरघळलेलं नसतं, तरंगत असतं आणि तळाशी बसतं. वरचा द्रव पातळ, तळाचा तीव्र. बाटली नीट हलवली तरच लेबलवरची स्ट्रेंथ खरी ठरते.

मोजायला ओरल सिरिंजच घ्यावी. ती सलाइनच्या लाइनला बसत नाही, त्यामुळे तोंडाचं औषध चुकून शिरेत जायचा धोका टळतो. ३.६ एमएल कपात अचूक मोजता येत नाहीत. घरातल्या चमच्यांचं तर माप एकसारखं नसतं. कप वापरलाच तर सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा, हातात धरून नव्हे. बाळाला देताना सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडावं. घशात जोरात सोडलं की ठसका लागतो.

चार्टवर दोन्ही लिहा: '१८० एमजी, म्हणजे ७.५ एमएल, १२० एमजी प्रति ५ एमएल.' पुढच्या शिफ्टला वेगळ्या स्ट्रेंथची बाटली मिळाली, तर नव्याने हिशोब करायला लागणारं सगळं त्या ओळीत आहे. मूल घरी जाताना आईला नुसतं औषधाचं नाव आणि एमएल सांगून सोडू नका. तिच्याच बाटलीतून, तिच्याच सिरिंजमध्ये, तिच्याच हाताने एकदा भरून घ्या, रेघ कुठे येते ते दाखवा, आणि सांगा: "बाटली बदलली किंवा दुसऱ्या कंपनीची मिळाली, तर हे माप धरू नका, आधी विचारा."