चित्रातल्या माणसासाठी खरे अश्रू

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावातले ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात, तेव्हा त्यांच्यासमोर कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी असते. एकेक चित्र पुढे येते, कलावंत गात आणि सांगत रामायण-महाभारतातला एखादा प्रसंग उलगडतात आणि मग पुढचे चित्र येते. या चित्रांतली माणसे बाजूने रेखाटलेली, मोठ्या रोखलेल्या डोळ्यांची आणि अर्थातच निश्चल असतात. तरीही कथा रंगली की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आज त्याच सिंधुदुर्गातल्या घरांत मुले मोबाइलवर किंवा टीव्हीवर संगणकाने हलवलेली चित्रे पाहतात आणि त्यांच्या मागे बसलेली मोठी माणसे हळूच डोळे पुसतात. कागदावरचे चित्र असो वा पडद्यावरचे, समोर माणूस नाही हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरीही अश्रू खरे असतात, आणि ते नेमके का व केव्हा येतात याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ बऱ्याच वर्षांपासून करीत आहेत.

या अभ्यासातला एक जुना आणि अजूनही तितकाच चकित करणारा प्रयोग १९४४ चा आहे. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक लहानसे चलचित्र तयार केले. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दारासारखा उघडझाप करणारा भाग असलेला एक चौकोन, एवढेच होते. चेहरा नाही, आवाज नाही, रंग नाही. काय दिसले ते लिहा, असे ३४ जणांना सांगितले तेव्हा एक व्यक्ती वगळता सर्वांनी सजीवांची, बहुतेकांनी तर माणसांचीच गोष्ट लिहिली: मोठा त्रिकोण दांडगट, लहान त्रिकोण धीट, वर्तुळ घाबरलेले. हालचालीला दिशा, वेग आणि थांबे मिळाले की आपला मेंदू तिच्यामागे हेतू शोधतो आणि हेतू सापडला की त्याच्यामागे मन उभे करतो. ही सवय एवढी आपोआप चालते की ती थांबवायलाच कष्ट पडतात. पिंगुळीच्याच कळसूत्री बाहुलीचा लाकडी चेहरा कधी बदलत नाही, पण दोरीच्या एका हिसक्याने तिची मान खाली गेली की ती खिन्न झाली असे आपल्याला दिसते.

अ‍ॅनिमेशनपटांचे चित्रकार या सवयीवर आणखी एक थर चढवतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्ये असे मांडले की मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल ही बाळाची ठेवण दिसताच मोठ्या माणसात जपण्याची वृत्ती जागी होते. पडद्यावरच्या पात्रांचे डोळे चेहऱ्याच्या मानाने अवास्तव मोठे असतात, त्याचे एक कारण हे आहे. उलट चित्र अगदी हुबेहूब माणसासारखे करू गेले, पण ते किंचित कमी पडले, तर पाहणाऱ्याला जवळीक वाटण्याऐवजी शिसारी येते; जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये या घसरणीकडे लक्ष वेधले होते. चित्र हे चित्रच आहे असे उघडपणे सांगणारे चित्र म्हणूनच अधिक सुरक्षित ठरते. रडवणारी गोष्ट चित्रांतून सांगणे ही तडजोड आहे, असे अनेकांना वाटते. मला ती त्या माध्यमाची ताकद वाटते.

परंतु जवळीक वाटणे वेगळे आणि डोळ्यांत पाणी येणे वेगळे. पाणी कोणत्या क्षणी येते हे पाहण्यासाठी २०१७ चा ‘कोको’ हा अ‍ॅनिमेशनपट उपयोगी आहे. मेक्सिकोमध्ये पूर्वजांच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या सणाभोवती तो गुंफलेला आहे. वर्षातून एकदा मृत आप्त घरी भेटीला येतात आणि जिवंत माणसांपैकी कोणालाही ज्याची आठवण उरत नाही, तो मृतांच्या जगातूनही नाहीसा होतो, ही त्यातली मूळ कल्पना. ज्या मुलखात अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपक्ष लागतो, म्हाळाचे पान वाढून कावळ्याची वाट पाहिली जाते, त्या मुलखातल्या आजीला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. गणपतीला मुंबईहून चाकरमानी आले की कोकणातल्या घरांत तीन-चार पिढ्या एका छपराखाली असतात आणि अशा घरात हा चित्रपट लागला तर एक गोष्ट सहज लक्षात येते. मरणाच्या किंवा ताटातुटीच्या प्रसंगाला माणसे गप्प होतात, जरा ताठ बसतात. डोळे भरतात ते बरेच पुढे, जेव्हा बारा वर्षांचा मिगेल आपल्या विसराळू पणजीसमोर बसून तिच्या वडिलांचे गाणे म्हणतो आणि तिचे ओठ हलू लागतात. ‘तिका बापाशीची आठवण इली गो,’ असे म्हणत आजी पदर डोळ्यांना लावते, तो क्षण दुःखाचा नसून काहीतरी परत मिळाल्याचा असतो.

याला मानसशास्त्रात आधार आहे. जे एफ्रन आणि टिमथी स्पँगलर यांनी १९७९ मध्ये असे सुचवले की मोठ्यांचे रडणे दोन टप्प्यांत घडते: आधी ताण साठतो आणि मग तो ताण धरून ठेवण्याचे कारण एकाएकी दूर होते, अश्रू या दुसऱ्या टप्प्यात, सुटकेच्या वळणावर येतात. हरवलेले मूल सापडल्यावर आई रडते, सापडेपर्यंत ती शोधत असते. कुडाळ किंवा कणकवली स्थानकावर कोकण रेल्वेच्या डब्यातून नातू उतरताना आजीचे डोळे भरतात, त्यात दुःखाचा लवलेश नसतो. शरीररचनाही या तर्काशी जुळते. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथीला पाझरण्याची मुख्य आज्ञा मिळते ती परानुकंपी, म्हणजे शरीराला विसाव्याकडे नेणाऱ्या मज्जासंस्थेकडून. तिचे तंतू चेहऱ्याच्या मज्जातंतूबरोबर निघतात. जादा पाणी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरते. म्हणून रडणाऱ्याला आधी नाक ओढावे लागते आणि अंधारात कोण रडते आहे हे त्या आवाजावरून कळते.

मात्र विसाव्याची मज्जासंस्था जागी झाली आणि अश्रू आले, इतके हे प्रकरण सरळ नाही. जेम्स ग्रॉस, बार्बरा फ्रेडरिकसन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९४ मध्ये १५० स्त्रियांना एक दुःखद चित्रफीत दाखवून त्यांच्या शारीरिक प्रतिक्रिया मोजल्या. रडलेल्या स्त्रियांच्या शरीरात रडताना शांतता दिसली नाही, उलट न रडलेल्यांपेक्षा अधिक खळबळ दिसली. पुढे २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी भावस्पर्शी चित्रफिती दाखवताना प्रेक्षकांच्या त्वचेचे कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा अंगावर काटा आणि डोळ्यांत पाणी या दोन गोष्टी एकत्र आलेल्या क्षणी शरीराची उत्तेजना शिगेला पोहोचलेली आढळली. काटा उभा करणारी मज्जासंस्था ताणाची आणि पाणी आणणारी विसाव्याची. एरवी आलटून पालटून चालणाऱ्या या दोन यंत्रणा त्या क्षणी एकाच वेळी जोरात असतात. विसावा येतो तो नंतर.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला येथे आठ सात्त्विक भाव आठवतील: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. रोमांच आणि अश्रू एकाच यादीत आहेत आणि ताठरणे, घाम, आवाज फुटणे, कंप, रंग उतरणे, शुद्ध हरपणे ही त्यांची सोबत आहे. ही यादी नटाच्या अभिनयासाठी आहे, प्रयोगशाळेसाठी नव्हे, हे खरे. पण मन हलल्याची खूण म्हणून शरीरात कुठे पाहावे याचे निरीक्षण तीत अचूक आहे.

मग माणूस रडवणाऱ्या चित्रपटाकडे पुन्हा पुन्हा का जातो? विनफ्रीड मेनिंगहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुःखद चित्रफिती पाहणाऱ्यांना दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारले: किती दुःख झाले आणि किती गहिवरून आले. दुःख जितके जास्त तितकी चित्रफीत अधिक आवडली, असे वरवर दिसत होते. पण गहिवराचा वाटा बाजूला काढताच दुःख आणि आवड यांचा संबंध जवळजवळ उरला नाही. म्हणजे प्रेक्षकाला दुःख हवे नसते, त्या दुःखाच्या वाटेने येणारा गहिवर हवा असतो. आपल्याकडे न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाचे स्पष्टीकरण ‘सविकल्प समाधी’ या कल्पनेने दिले होते: स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होणे. चित्रांच्या चित्रपटात हे भान सुटण्याची शक्यता आणखी कमी असते, कारण चित्र सतत आपले चित्रपण दाखवत राहते. बहुधा त्यामुळेच प्रेक्षक स्वतःला अधिक सैल सोडू शकतो.

‘कोको’तला तो प्रसंग गाण्यावर उभा आहे आणि त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. तेच गाणे आधी रंगमंचावरच्या झगमगाटात, ढंगदार चालीत ऐकू येते. मग बापाने लहानग्या लेकीसाठी म्हटलेल्या अंगाईच्या रूपात. आणि शेवटी पणजीसमोर. तिसऱ्या वेळी त्या सुरांना आधीच्या दोन्ही वेळांचा अर्थ चिकटलेला असतो आणि प्रेक्षकाने तो नकळत शिकून ठेवलेला असतो. पणजीला गाणे आठवणे ही लेखकाने घेतलेली मोकळीक आहे काय? पूर्णपणे नाही. २०१५ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, दीर्घकाळ परिचित असलेल्या संगीताची स्मृती मेंदूच्या ज्या भागांशी निगडित आढळली, ते भाग अल्झायमरच्या रुग्णांमध्ये इतर भागांच्या तुलनेत कमी झिजलेले दिसले. सुनेचे नाव विसरलेल्या आजीला आरती किंवा फुगडीचे गाणे शब्दन्‌शब्द म्हणता येते, हा अनेक घरांचा अनुभव आहे. चित्रपटातली पणजी मात्र गाण्यानंतर सलग बोलू लागते आणि जपून ठेवलेली पत्रे काढून दाखवते. तिथे शास्त्र मागे राहते आणि गोष्ट पुढे जाते.

एकाच खोलीतल्या सर्वांना एकाच जागी रडू येत नाही. तान्हे मूल भूक, वेदना आणि दुरावा यांसाठी रडते. दुसऱ्यासाठी रडणे मागाहून येते आणि चांगुलपणा, त्याग किंवा पुनर्भेट पाहून डोळे भरणे हे तर मुख्यतः प्रौढांचे लक्षण आहे, असे नेदरलँड्सच्या टिलबर्ग विद्यापीठातले अश्रूंचे अभ्यासक अ‍ॅड व्हिंगरहूट्स यांचे प्रतिपादन आहे. मृत्यू कायमचा असतो आणि तो सर्वांना येतो, हे साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या सुमारास मुलांना नीट उमगते. त्यामुळे चार वर्षांचे मूल पणजीच्या प्रसंगाला आजीकडेच पाहत बसते आणि ‘तू का रडतेस?’ असे विचारते. त्याला खरी भीती वाटते ती मूल आईबापांपासून तुटते तेव्हा, आणि या चित्रपटांत ते वारंवार तुटते. इयन कोलमन आणि जेम्स कर्कब्राइड यांनी २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या नाताळ अंकात १९३७ पासूनच्या ४५ लोकप्रिय बालअ‍ॅनिमेशनपटांची तुलना मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांशी केली. महत्त्वाच्या पात्राचा पडद्यावरचा मृत्यू सुमारे दोनतृतीयांश बालचित्रपटांत होता, मोठ्यांच्या चित्रपटांत तो निम्म्यांत होता, आणि नायकाच्या आईवडिलांना मरणाचा धोका बालचित्रपटांत पाचपट होता. त्या अंकाची परंपरा खेळकर असली, तरी आकडे खरे आहेत. ‘मुलांचा चित्रपट आहे’ म्हणून टीव्ही लावून स्वयंपाकघरात जाणाऱ्यांनी ते लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुरुषांच्या प्रतिक्रियेविषयी थोडेच सांगतो. जीवरसायनतज्ज्ञ विल्यम फ्रे यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत नोंदवल्यानुसार स्त्रिया महिन्याला सरासरी ५.३ वेळा, तर पुरुष १.४ वेळा रडत होते. लहान मुलगे आणि मुली यांच्यात मात्र असा फरक दिसत नाही, तो वयात येताना दिसू लागतो. हा फरक भावनेतला किती आणि ती दाखवण्यातला किती हे आकडा सांगत नाही. नेमक्या त्या प्रसंगाला पंप बंद केला का ते पाहायला मागल्या दारी जाणारे काका प्रत्येक घरात असतात. अश्रूंवाटे शरीरातली घातक द्रव्ये बाहेर पडतात म्हणून रडून बरे वाटते, हाही फ्रे यांचाच तर्क. तो फार लोकप्रिय झाला, पण सिद्ध झालेला नाही; काही थेंब पाण्याने शरीर धुऊन निघेल, हे तसेही पटण्यासारखे नाही.

रडून बरे वाटते का, याचे उत्तर वेळेवर अवलंबून आहे. २०१५ मध्ये व्हिंगरहूट्स यांच्या गटाने ६० जणांना रडवणारे चित्रपट दाखवले; त्यांपैकी २८ जण रडले. चित्रपट संपताच रडलेल्यांची मनःस्थिती आधीपेक्षा खालावलेली होती, २० मिनिटांनी ती पूर्ववत झाली आणि ९० मिनिटांनी ती चित्रपटापूर्वीपेक्षाही चांगली होती. न रडलेल्यांत असा चढउतार दिसला नाही. तीसहून अधिक देशांत झालेल्या एका सर्वेक्षणात, रडताना ज्यांना कोणाचा आधार मिळाला त्यांना रडल्यानंतर अधिक बरे वाटल्याचे दिसले. त्यामुळे शेवटची नामावली सरकत असताना ‘कसा वाटला पिक्चर?’ असे विचारले तर ‘कशाला लावलात हा?’ असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याच माणसाला जेवणे आटोपून सगळे पडवीत बसल्यावर विचारले तर वेगळे उत्तर मिळू शकते. कौटुंबिक चित्रपटाला प्रेक्षकांची प्रतिक्रिया काय होती, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती खोलीतल्या कोणाला आणि चित्रपट संपल्यावर किती मिनिटांनी विचारली होती, हे दोन तपशील सोबत असायला हवेत.