पार्श्वभूमी: ‘मूड स्टॅबिलायझर’ नावाचा घोळ

बायपोलर आजारात मन कधी उन्मादात चढतं, कधी उदासीत बुडतं. त्यातल्या उन्मादावर लिथियमचा उपयोग होतो, ही नोंद 1949 ची, ऑस्ट्रेलियातली. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियमचा क्षार खाणारे काही हृदयरोगी दगावले आणि तिथे या औषधाला मान्यता मिळायला 1970 उजाडलं. मधल्या काळात रक्तातली पातळी मोजता येऊ लागली, म्हणून ते वापरण्याजोगं झालं. नागपुरातल्या ओपीडीत आज जो प्रश्न विचारला जातो, ‘लिथियम की व्हॅल्प्रोएट?’, तो मात्र बराच अलीकडचा.

1995 मध्ये अमेरिकेने व्हॅल्प्रोएटचा एक प्रकार उन्मादासाठी मान्य केला. मुळात ही फिटची गोळी. आजही मेडिकलवाला ‘ही तर मिरगीची आहे’ म्हणतो आणि घरचे घाबरून ती बंद करतात. लिथियम हा साधा क्षार, त्यावर पेटंट नाही, त्यामुळे त्याचा प्रचार करण्यात कुणाला रस नव्हता. व्हॅल्प्रोएटमागे कंपनीचा जोर होता. ‘मूड स्टॅबिलायझर’ हा शब्द खरा पसरला तो याच काळात.

या शब्दाची सर्वमान्य व्याख्या अजूनही नाही. उन्माद उतरवणारं, उदासी हलकी करणारं आणि आजाराचा पुढचा झटका रोखणारं औषध, असं आपण समजतो. तिन्ही कामांच्या सर्वांत जवळ जातं ते लिथियम. आत्महत्येचा धोका कमी होण्याचा पुरावाही त्याच्याच बाजूने अधिक. व्हॅल्प्रोएटचा जोर उन्मादावर. 2003 मध्ये मान्यता मिळालेलं लॅमोट्रिजिन मुख्यतः उदासी परत येऊ देत नाही, पण चढलेल्या उन्मादात कामाचं नाही. शिवाय गंभीर पुरळ येऊ नये म्हणून त्याचा डोस आठवड्याआठवड्याने वाढवावा लागतो. ओलान्झापिन लवकर शांत करतं, पण वजन आणि साखर वाढवतं. एका नावाखाली आल्यामुळे ही सगळी औषधं अदलाबदल करण्याजोगी वाटू लागली, आणि माझ्या मते नुकसान इथेच झालं. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, पुढचा झटका रोखण्यात, एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम सरस ठरलं. तोवर व्हॅल्प्रोएट लिहून देण्याची सवय पडून गेली होती.

त्यात मुलींचा प्रश्न वेगळाच. गरोदरपणी व्हॅल्प्रोएट घेतल्यास दहातल्या सुमारे एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं आणि 30 ते 40 टक्के मुलांच्या मेंदूच्या वाढीत अडचणी येतात. युरोपने 2018 मध्ये त्यावर कडक बंधनं घातली. लग्नाच्या वयातल्या मुलीला ही गोळी लिहून देताना हे तिला स्वतःला सांगायलाच हवं, फक्त तिच्या आईवडिलांना नाही.

लिथियम जपून वापरावं लागतं, हा त्याच्याविरुद्धचा आक्षेप खोटा नाही. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 (मिलिमोल प्रति लिटर) ही पातळी हवी, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, घामाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, वरून गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेतलं, की पातळी चढते. हात जास्त थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एरवी रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी: रात्री नऊची गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर.